दिव्यांचा मोतीबिंदू

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. गावी, म्हणजे शहाद्याला जायचं होतं. धुळ्याहून एसटीने दोंडाईचाला उतरलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. अप्पा घ्यायला आले होते, आमची २००८ सालची छोटी गाडी घेऊन. सारंगखेड्याच्या अलीकडे अप्पांनी एकदम कचकन ब्रेक मारला. समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चाललेला. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आम्ही थांबलो तेव्हा उसाची वाढी काचेपासून जेमतेम हातभर लांब होती.

अप्पा काही बोलले नाहीत. तापीचा पूल ओलांडल्यावर हळूच म्हणाले, "रात्रीची गाडी आता बंदच करतो. डोळे राहिले नाहीत."

मला वाईट वाटलं आणि थोडं नवलही वाटलं. कारण अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच वर्षी झालं होतं आणि डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन गाडीसमोर उभा राहिलो तेव्हा उलगडा झाला. दोन्ही हेडलाइट हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळट आणि धुरकट. डावा जास्त, कारण उजव्यावर पत्र्याची सावली येते आणि डाव्यावर दुपारपासून मावळेपर्यंत ऊन. आणि आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते मे महिन्यात एकदा नंदुरबारला येऊन गेलेल्यांना सांगायला नको.

कोपऱ्यावरच्या गाड्या रंगवणाऱ्या दादाला दाखवलं. त्याने अंगठा फिरवला आणि अहिराणीत निकाल दिला, "भाऊ, दिवाले मोतीबिंदू व्हयेल शे."

तर मंडळी, आता मूळ प्रश्न. आजोबांच्या काळातल्या जीपचे दिवे कधी पिवळे पडलेले आठवतात का? मला तरी नाही. मग हा रोग आला कुठून? शनिवार-रविवार होताच, शोधत बसलो. निघालं ते असं.

मोटारीचे पहिले दिवे म्हणजे सरळसरळ कंदील. मग आला कार्बाइडचा दिवा. डब्यात कॅल्शियम कार्बाइड, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू, आणि तो काडीने पेटवायचा. ज्योत वाऱ्यापावसाला दाद देत नसे म्हणून लोकप्रिय झाला. वीज आली ती हळूहळू. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या गाडीला विजेचे दिवे मिळत. पण डायनॅमो, बॅटरी, स्टार्टर आणि दिवे अशी नीट बसवलेली व्यवस्था १९१२ च्या कॅडिलॅकपासून रूढ झाली. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कायम होती. दिव्याच्या पुढ्यात काच.

१९४० मध्ये अमेरिकेने एक मोठा निर्णय घेतला. सगळ्या गाड्यांना एकाच मापाचे, सात इंची गोल, 'सील्ड बीम' दिवे. काच, आरसा आणि तार सगळं एकत्र बंद. तार जळाली की अख्खा दिवा फेकायचा आणि नवा बसवायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरवून टाकला, आत काय आहे याची तुम्हाला चिंता नको :) दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही असेच दिवे होते, आणि तीच जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्राने आपल्याकडे आणली. अ‍ॅम्बेसेडर घ्या, बुलेट घ्या, जीप घ्या. बल्ब बदलता येणारा असो वा नसो, गोल काच तीच.

आमच्या जिल्ह्यात तर हा गोल दिवा म्हणजे अर्धी दळणवळण व्यवस्था होती. मोलगी, धडगाव, तोरणमाळ या सातपुड्यातल्या वाटांवर कमांडर जीपच चालायच्या. काठीच्या होळीला रात्रभर डोंगरात दिव्यांच्या रांगा वळणं घेत चढताना मी लहानपणी पाहिल्यात. त्या जीपचे दरवाजे नसायचे, पत्रा गंजलेला असायचा, पण दिव्याची काच फडक्याने पुसली की लख्ख. फुटायची मात्र पटकन. समोरच्या गाडीच्या चाकाखालून एक खडा उडाला की संपलं. पण मग शहाद्यात, नंदुरबारात, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात तोच सात इंची दिवा मिळायचा.

मग हे सुख सोडलं कोणी? उत्तर आहे पेट्रोल. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत गाड्यांनी कमी पेट्रोल प्यावं अशी सक्ती झाली. हवा कापायची तर नाक उतरतं हवं, आणि उतरत्या नाकावर उभी गोल काच बसत नाही. फोर्ड कंपनीने सरकारकडे तगादा लावला, १९८३ मध्ये नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर अमेरिकेतले पहिले हव्या त्या आकाराचे दिवे आले. त्यांच्यावर काच नव्हती, प्लास्टिक होतं. पॉलीकार्बोनेट.

हे पॉलीकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, एकाच वर्षी शोधलं. वजन काचेच्या निम्मं, हातोडा मारला तरी सहसा फुटत नाही, हवा तसा साचा. चंद्रावर गेलेल्यांच्या हेल्मेटचा पारदर्शक गोळा याचाच होता. दोष दोनच. ओरखडे पटकन पडतात, आणि उन्हातले अतिनील किरण त्याचे रेणू तोडतात, त्यातून पिवळेपणा येतो. म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवतात. तो थर म्हणजे दिव्याचा गॉगल.

आपल्याकडे हे उशिरा पोचलं. १९८६ नंतरच्या मारुती ८०० चे दिवे चौकोनी झाले, तरी काच ती काचच. १९९८ च्या आसपास नव्या गाड्यांची रांग लागली आणि पुढच्या काही वर्षांत प्लास्टिकचे दिवे घरोघरी आले. नवे असताना दिसायचे झकास! पण तो गॉगल काही जन्मभर टिकत नाही. आठ-दहा वर्षांचं ऊन, धूळ आणि वाळूचे कण, की तो तडकतो, सोलतो, आणि ऊन थेट आत शिरतं. अमेरिकेच्या ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये मोजून पाहिलं, तर असे धुरकटलेले दिवे नव्या दिव्याच्या फक्त २२ टक्के उजेड देत होते. आपल्या मोटार वाहन नियमांत (१९८९) लिहिलंय की दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरवरचा माणूस आणि वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. आम्हाला उसाची ट्रॉली दिसली ती तीस-चाळीस फुटांवर.

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मीच हे दिवे टूथपेस्टने घासले होते. चमकले, घरात कौतुकही झालं. पण टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणारी पूड. तिने वरचं धुकं काढलं आणि उरलासुरला गॉगलही काढला. पुढच्या उन्हाळ्यात दिवे आधीपेक्षा वाईट. म्हणजे बग दाबून ठेवला आणि प्रॉडक्शनला पाठवून दिला. जाऊदे.

या वेळी नीट केलं. दादा सांगत होता, मी घासत होतो. आधी भोवतालच्या रंगाला टेप. मग ८०० नंबरचा पाणपेपर, सतत पाणी सोडत. आधी पिवळं पाणी येतं, तो जुना थर. पाणी दुधासारखं पांढरं यायला लागलं की थर संपला. मग १०००, १५००, २०००. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयाण, पांढराफटक दिसतो आणि आपण गाडीची वाट लावली असं वाटतं. घाबरायचं नाही. मग कंपाउंडने पॉलिश. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी मागे केलं नव्हतं ते, स्पिरिटने पुसून ऊन रोखणाऱ्या क्लिअर लॅकरचे दोन हात. लॅकर दादानेच मारलं, तोंडाला मास्क लावून. रात्रभर गाडी शेडमध्ये. खर्च सहाशे रुपये, वेळ चार तास.

नव्यासारखे झाले का? नाही. त्याच अमेरिकन चाचणीत असे घासलेले दिवे नव्याच्या ७० टक्क्यांपर्यंत आले होते, आणि हा थरही दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागेल.

रविवारी रात्री अप्पांना घेऊन शेतरस्त्यावर गेलो. विजेच्या खांबांनी मोजलं. आधी पहिला खांब जेमतेम दिसायचा. आता तिसरा ओळखू येत होता. अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोर बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे डोळे चांगले होते तर."

त्यांनी वर्षभर स्वतःला म्हातारं समजून घेतलं होतं. आम्हीही "डोळे सांभाळा अप्पा" म्हणत त्यात भरच घातली. गाडीसमोर उभं राहून नीट बघितलं मात्र कोणीच नव्हतं.

त्याच आठवड्यात दत्तजयंतीच्या यात्रेला अप्पा रात्रीचे सारंगखेड्याला जाऊन आले, स्वतः गाडी चालवत. ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांना लावायला रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचा एक गठ्ठाही आणलाय. यात्रेत विकत घेतला म्हणे, दिसेल त्या ट्रॉलीला चिकटवणार आहेत.

असो. तुमची गाडी दहा वर्षांची असेल तर उद्या सकाळी तिच्या डोळ्यांत एकदा बघा.