खुनी कळल्यानंतर
(प्रस्तावना)

रहस्यमालिका पाहताना आपण खुनी कोण हे शोधत असतो. तो सापडला की उत्सुकता संपते. अभ्यासकाचे काम मात्र तिथून सुरू होते.

‘देवमाणूस’ (झी मराठी, २०२०) घ्या. वाईत २०१६ साली उघडकीला आलेल्या खूनप्रकरणावरून सुचलेल्या या मालिकेत खुनी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असते, गावाला नसते. तोतया डॉक्टर सुई टोचतो आणि गाव त्याला हात जोडते. अशा कथेत तपासायचे ते एकट्या खुन्याला नव्हे. पदवी न विचारता विश्वास टाकणारे गावही तपासायचे. दवाखाना लांब असला की माणसे कोणाकोणावर भरवसा ठेवतात, हे जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू होते. २०१९ च्या दुसऱ्या भागात त्यांची जुनी कृत्ये उलगडतात. माधव अभ्यंकरांचे अण्णा जरब बसवतात, तरी प्रेक्षक त्यांची वाट पाहत. मला त्यांच्याहून अवघड वाटते ती त्यांची पत्नी माई. ती सोसते, घर राखते आणि गप्पही राहते. त्या गप्प राहण्याचा दोष तिच्या पदरात किती घालायचा? या प्रश्नावर घाईने निकाल देऊ नये.

या अभ्यासाची तयारी जव्हार-मोखाड्यातल्या तुम्हा विद्यार्थ्यांकडे आधीच आहे. बोहाडा या आपल्या मुखवट्यांच्या उत्सवात संबळ-पिपाणीच्या तालावर, मशालीच्या उजेडात सोंगे निघतात. दात विचकलेला असुराचा मुखवटा चढवून नाचणारा गावचाच असतो. सकाळी तो शेतावर भेटतो. सोंगाचा मान घराण्यात चालत आलेला, आणि असुराचे सोंगही मानाचे. असुराला मान देणारे हेच गाव त्याचा वधही पाहते.

मालिकेत तसा वध लांबतो. लोकप्रिय खुन्याला वाहिनी परत आणते. ‘देवमाणूस’चा दुसरा भाग डिसेंबर २०२१ मध्ये आला. दरम्यान, मेलेल्यांची नावे प्रेक्षक विसरतो. ही या प्रकारातली सर्वांत गंभीर उणीव आहे, असे माझे मत आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना विनंती: घरातल्या थोरांसोबत मालिका पाहा, त्यांना बोहाड्यातल्या सोंगांविषयी विचारा, सांगतील ते टिपून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र कथेत मारल्या गेलेल्यांची नावे लिहा.