मुक्ताचा निबंध आणि आपली लाल शाई

तपासलेले निबंध वर्गात परत दिले की एक दृश्य आम्हां प्राध्यापकांना दरवर्षी दिसते. विद्यार्थी वही उघडतात, लाल खुणा मोजतात आणि वही मिटतात. शेवटी लिहिलेला अभिप्राय क्वचितच कोणी वाचतो. पुढच्या निबंधात चुका कमी होतात हे खरे. पण त्याबरोबर वाक्ये आखूड होतात, स्वतःची मते नाहीशी होतात आणि 'समीक्षकांच्या मते' हा शब्दप्रयोग वाढतो. चूक टाळण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे स्वतःचे काहीच न म्हणणे, हे विद्यार्थी आपल्याकडूनच शिकत असतात. या प्रश्नाला मराठी गद्याचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यातील काही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग १८५५ सालचा. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला. हा निबंध वाचताना नवल वाटते ते वयाचे नव्हे, तर युक्तिवादाचे. वेदांवर एका वर्णाचाच अधिकार असेल, तर आम्हांला धर्मग्रंथच उरत नाही. मग आमचा धर्म कोणता, असा पेच ती थेट ईश्वरापुढे टाकते. पेशवाईतील छळ सांगते, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते, आणि शेवटी आपल्याच लोकांना ज्ञानाचे औषध घेण्यास विनवते.

हा आत्मविश्वास आला कुठून? जिला शिकण्याचाच अधिकार नाकारला होता, तिला 'मी' आणि 'आम्ही' ही सर्वनामे इतक्या निःशंकपणे वापरता आली, याचे एक कारण तिच्या शाळेत शोधावे लागते. सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या होत्या आणि १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला होता. म्हणजे लिहिण्याचे धाडस नुकतेच केलेली व्यक्तीच तेथे शिकवीत होती. शिवाय मुक्ताच्या लेखनाला मिळालेली पोच पाहा. ते वहीत राहिले नाही. छापले गेले, अनोळखी वाचकांपुढे गेले. आपल्या म्हणण्याला ऐकणारा आहे, ही जाणीव कोणत्याही शेऱ्यापेक्षा मोठी असते.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा. जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदविले. ज्या वर्षी विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला, त्याच वर्षी शिक्षकाचे नाटक परत आले आणि सुमारे सव्वाशे वर्षे अप्रकाशित राहिले. परीक्षकाच्या नकाराचे आयुष्य कधीकधी लेखकाच्या आयुष्यापेक्षा मोठे असते.

तिसरा प्रसंग मेजर थॉमस कँडी यांचा. सरकारी भाषांतरे आणि शालेय पुस्तके त्या काळी त्यांच्या नजरेखालून जात. मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय त्यांचेच, आणि शुद्धलेखनाच्या व्यवस्थेतही त्यांचा वाटा आहे. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण एकाच हाताने सर्वांची वाक्ये सुधारली, की सर्वांची वाक्ये त्या एका हातासारखी होऊ लागतात. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या इंग्रजी वळणाच्या मराठीवर कडाडून टीका केली. मराठी लेखकाने स्वभाषेविषयी न्यूनगंड बाळगू नये, हा त्यांचा आग्रह होता. स्वतः शाळेत शिकविणाऱ्या चिपळूणकरांना लेखकाच्या आत्मविश्वासाचे मोल नेमके कळले होते, असेच कोणालाही वाटेल.

आणि येथेच चौथा प्रसंग उभा राहतो. याच चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडविली. कँडींच्या लेखणीविरुद्ध बंड करणाऱ्याच्या हातात आता तीच लेखणी होती, किंबहुना अधिक धारदार. कँडी निदान वाक्य दुरुस्त करीत. येथे वाक्याची चूक दाखवून बोलणाऱ्याचा बोलण्याचा अधिकारच काढून घेतला जात होता. जोतीरावांनी जे प्रश्न विचारले होते त्यांचे उत्तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजून मिळणार नव्हते.

जोतीराव लिहीत राहिले, कारण त्यांच्यामागे चळवळ होती, सहकारी होते. आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यामागे बहुधा कोणी नसते. बोलीतून प्रमाणभाषेत येताना अडखळणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलगी 'आमच्याकडं' असे लिहिते, आणि आपण त्या अनुस्वारावर गोल करतो. ते वाक्य काय सांगत होते, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.

शुद्धलेखन शिकवू नये असे येथे सुचवायचे नाही. प्रमाणभाषा न शिकविणे हाही अन्यायच, कारण पुढच्या साऱ्या परीक्षा तीत होतात. प्रश्न क्रमाचा आहे. आधी म्हणण्याला उत्तर, मग वाक्याला दुरुस्ती. विद्यार्थ्याच्या युक्तिवादाशी वाद घालणारी एक ओळ आधी लिहिली, तर खालच्या दहा खुणा तो अपमान न मानता वाचतो, असा आमचा अनुभव आहे.

मुक्ता साळवेचे त्या निबंधापलीकडे दुसरे लेखन आज उपलब्ध नाही. एवढ्या ताकदीच्या लेखिकेचा एकच निबंध आपल्या हाती उरावा, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील मोठी हानी आहे. एकदा मिळालेली दाद पुरत नाही. लिहिणाऱ्याला पुनःपुन्हा ऐकणारा लागतो. पुढचा गठ्ठा तपासायला घेताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.