दासगावचे बंदर आणि ध्वजावरील चक्र

प्रजासत्ताक दिनी चर्चच्या आवारात झेंडावंदन होते, तेव्हा एखादे लहान मूल हटकून विचारते, “ह्यात आपला क्रूस कुठे आहे?” ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही दासगावला येऊन पोहोचलो.

१९२७ साली, नाताळच्याच दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सावित्रीकाठच्या दासगाव बंदरात बोटीतून उतरले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी २० मार्चला प्राशन केले होते. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले होते. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे मार्चमधील त्या परिषदेच्या संयोजकांपैकी एक. दासगावहून महाडला जाताना गांधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात. पाण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ साली.

पुढे १९४७ च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वजसमिती नेमली गेली, आणि आंबेडकर तिचे सदस्य होते. २२ जुलैला घटना समितीने ध्वज स्वीकारला. चरख्याची चाती दोन्ही बाजूंनी सारखी दिसत नाही, हे नेहरूंनी दिलेले कारण साधेसुधे आहे. चरख्याचे चाक मात्र राहिले आणि त्याला सारनाथच्या अशोकचक्राचे रूप, चोवीस आऱ्यांसह, मिळाले.

आता त्या मुलाचा प्रश्न. गांधीजींच्या १९२१ च्या कल्पनेत तांबडा रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा. आम्ही ‘इतरां’त होतो! १९३१ साली काँग्रेसने रंगांची ही वाटणी रद्द केली, व घटना समितीपुढेही नेहरूंनी ध्वजाला जातीय अर्थ नसल्याचे सांगितले. त्या घटना समितीत आपले फादर जेरोम डिसोझा सभासद होते. वाटणीतला एक पट्टा मिळण्यापेक्षा वाटणीच नसणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

राजमुद्रेतील सिंह व बैल पाहून आमच्या डोळ्यांपुढे मात्र संत मार्क आणि संत लूक उभे राहतात. हा संबंध आमच्या मनाचा, शिल्पकाराचा नव्हे. सारनाथच्या मूळ स्तंभावर चार सिंहांच्याही वर एक मोठे चक्र होते. उत्खननात त्याचे केवळ तुकडे हाती लागले. १९५० च्या २६ जानेवारीला स्वीकारलेल्या मुद्रेत ते नाही. सिंहांच्या पायांखालच्या पट्टीवरचे लहान चक्र तेवढे आहे, बैल आणि घोडा ह्यांच्या मधोमध.