कोड आणि बाह्यत्वचेचा तळाचा थर

अंगावर पांढरा डाग दिसला की ‘हे रक्तातून आले का?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. कोडाचे कारण समजण्यासाठी आधी त्वचेची रचना पाहू.

रचना कशी असते?
बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्या तळाशी पेशींची एकच रांग असते. या पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी वर सरकतात आणि साधारण महिनाभराने मृत होऊन गळतात. त्यावरच्या थरातील पेशी एकमेकींना सूक्ष्म सांध्यांनी घट्ट जोडलेल्या असतात; म्हणून घासले तरी कातडी सहज सुटत नाही.

तळाच्या रांगेतच अधूनमधून रंगपेशी (मेलॅनोसाइट) असतात. त्यांच्या फांद्यांमधून मेलॅनिनचे कण शेजारच्या पेशींना मिळतात. तिथे ते पेशीकेंद्रावर छत्रीसारखे पसरून उन्हापासून संरक्षण करतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक मेलॅनिनचा असतो.

कोडात काय बिघडते?
शरीराची प्रतिकारशक्ती चुकून रंगपेशी नष्ट करते. बाकीची त्वचा शाबूत राहते. म्हणून कोडाच्या डागावर स्पर्श, थंड-गरम नीट कळते. कुष्ठरोगाचा डाग बहुधा फिकट असतो, पांढराशुभ्र नसतो आणि अनेकदा बधिर असतो. कोड संसर्गजन्य नाही. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही.

रंग परत येतो का?
केसांच्या मुळांशी रंगपेशींचा साठा असतो. उपचाराने तेथून रंग ठिपक्यांच्या रूपात परततो. डागावरील केस पांढरे झाले असतील, किंवा डाग ओठ, बोटांची टोके अशा केस नसलेल्या जागी असेल, तर रंग येणे अवघड असते. म्हणून लवकर उपचार सुरू करा.

काळजी
परकराची घट्ट नाडी, पट्टा, चपलेचा अंगठा यांच्या घर्षणाने नवे डाग उमटू शकतात. सल्ल्याशिवाय बावचीचे तेल लावून उन्हात बसू नका. फोड येऊन त्वचा भाजते.

मनावरचा ताणही डॉक्टरांना सांगा. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था कोड असलेल्यांचा स्वमदत गट चालवते. मुलीचे लग्न कसे होईल, या काळजीने डाग लपवू नका. उपचाराचा मोलाचा वेळ त्यातच जातो.