चाकांवरचे घर आणि पत्त्याचा प्रश्न : अमेरिकेतील पूर्णवेळ आरव्ही जीवनाचे वास्तव

अमेरिकेत रिक्रिएशनल व्हेइकल, अर्थात आरव्ही, हे सुटीतील भटकंतीचे वाहन म्हणून ओळखले जाते. स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याची जागा, स्नानगृह, पाण्याच्या टाक्या आणि विजेची सोय असलेले हे फिरते घर वर्षातील काही आठवडे वापरावे, अशी त्यामागील मूळ कल्पना आहे. तथापि, आपले पक्के घर विकून किंवा भाड्याचे घर सोडून बाराही महिने याच वाहनात राहणाऱ्यांचा एक मोठा वर्ग त्या देशात निर्माण झाला आहे. त्यांना तेथे ‘फुल-टायमर’ म्हटले जाते. निवृत्त दांपत्ये, संगणकावर काम करणारे तरुण, लहान मुलांसह फिरणारी कुटुंबे आणि घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत आलेली माणसे, असे सर्व या वर्गात मोडतात.

या जीवनाची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे मनोहर असतात. प्रत्यक्षात डोंगरांपेक्षा आणि समुद्रकिनाऱ्यांपेक्षा पाणी, सांडपाणी, टपाल, विमा, डॉक्टर आणि मतदारयादी हेच पूर्णवेळ प्रवाशाच्या दैनंदिन चिंतेचे विषय असतात. आधुनिक नागरी जीवनातील जवळपास प्रत्येक हक्क आणि सेवा एका स्थिर पत्त्याशी बांधलेली आहे. घराला चाके लावली, की नेमका तो पत्ताच हरवतो.

उगम आणि विस्तार

मोटारगाडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याआधीच अमेरिकेत फिरत्या घराची कल्पना रुजली होती. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पियर्स-अॅरो कंपनीची ‘टूरिंग लॅन्डॉ’ ही गाडी मांडण्यात आली. मागील आसनाचा पलंग होण्याची सोय असलेल्या या गाडीचा उल्लेख पहिल्या आरव्हींमध्ये केला जातो. १९३० च्या दशकात वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम ट्रेलरने चकचकीत अॅल्युमिनियमची गोलाकार रचना लोकप्रिय केली. लेखक जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये ट्रकवर बसवलेल्या छोट्या घरातून आपल्या कुत्र्यासह देशाची परिक्रमा केली. त्यावरील पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रस्त्यावरच्या जीवनाची ओढ अनेक पिढ्यांत पसरली.

आज या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात असून देशातील बहुसंख्य आरव्ही त्याच परिसरात तयार होतात. उद्योग संघटनेच्या २०२१ मधील पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे १ कोटी १२ लाख कुटुंबांकडे आरव्ही होती. करोना साथीच्या काळात विमानप्रवास आणि हॉटेले टाळण्याकडे कल वाढल्याने त्या वर्षी कारखान्यांतून ६ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. हा उच्चांक होता. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर घसरला.

वाहनांचे प्रकार आणि एक महत्त्वाची व्याख्या

आरव्हीचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटरहोम हा पहिला, तर दुसऱ्या वाहनाने ओढायचा ट्रेलर हा दुसरा. मोटरहोममध्ये बसएवढी मोठी ‘क्लास ए’, व्हॅनमध्येच घर बसवलेली ‘क्लास बी’ आणि चालकाच्या डोक्यावर पलंगाची जागा असलेली मध्यम आकाराची ‘क्लास सी’ असे तीन प्रकार आहेत. ट्रेलरमध्ये पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा ‘फिफ्थ व्हील’ हा प्रकार जागा अधिक असल्याने पूर्णवेळ राहणाऱ्यांत लोकप्रिय आहे.

या वाहनांसाठीच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा मानकात आरव्हीची व्याख्या मनोरंजन, प्रवास किंवा हंगामी वापरासाठीचे ‘तात्पुरते’ निवासस्थान अशी केलेली आहे. हा शब्द पुढील अनेक अडचणींचे मूळ आहे. अनेक उत्पादकांची हमी पूर्णवेळ निवासासाठी वापरलेल्या गाडीला लागू होत नाही. सामान्य विमाही पुरत नाही. घरातील सामान आणि पाहुण्याला झालेली इजा यांचे संरक्षण देणारी स्वतंत्र पूर्णवेळ विमा योजना घ्यावी लागते. अनेक शहरांच्या बांधकाम नियमांनुसार स्वतःच्या मालकीच्या भूखंडावरही आरव्हीत कायम राहता येत नाही.

पाणी, वीज आणि मैला

पक्क्या घरात अदृश्य असलेल्या सेवा येथे रोजच्या कामाचा भाग होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार सर्वसाधारण अमेरिकी व्यक्ती घरात दिवसाला सुमारे ३१० लिटर पाणी वापरते. मध्यम आकाराच्या आरव्हीची गोड्या पाण्याची टाकी साधारण १५० ते ३०० लिटरची असते. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या सवयीचे पाणी दोघांना आठवडाभर पुरवावे लागते. अंग ओले करून नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा नळ सोडायचा, ही आंघोळीची पद्धत त्यामुळे नियमच होते.

वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या असतात. एकीत स्वयंपाक व आंघोळीचे सांडपाणी, तर दुसरीत शौचालयाचा मैला साठतो. त्या ठरलेल्या विसर्जन केंद्रावरच रिकाम्या कराव्या लागतात. आधी मैल्याची टाकी आणि नंतर सांडपाण्याची, असा क्रम पाळला जातो, जेणेकरून तीच नळी सांडपाण्याने धुऊन निघते. तापमान गोठणबिंदूखाली गेल्यास नळ्या फुटण्याचा धोका असतो. म्हणूनच पूर्णवेळ प्रवासी हिवाळ्यात अॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडाकडे आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतात. हा स्थलांतराचा क्रम बहुतांशी पाण्याच्या नळ्यांनी ठरवलेला असतो.

वीज तळावरील जोडणीतून मिळते. जोडणी नसेल तेथे सौर पॅनेल, बॅटरी आणि जनित्र यांवर भागवावे लागते. प्रोपेन वायूवर शेगडी आणि उष्णतायंत्र चालते. गाडी धावताना घराला सतत हादरे बसतात. छताच्या सांध्यांतून होणारी गळती हा या घरांचा मोठा शत्रू असून सांध्यांवरील लेप वेळोवेळी तपासावा लागतो. दुरुस्तीसाठी गाडी कार्यशाळेत गेली, की घरच कार्यशाळेत जाते. सुट्या भागांसाठी काही आठवडे थांबावे लागले, तर राहायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो.

मुक्कामाची जागा

सर्व जोडण्या असलेल्या खासगी तळाचे भाडे साधारणपणे रात्रीला ४० ते ८० डॉलर असते. महिन्याच्या बोलीवर ते कमी पडते. ६२ वर्षे पूर्ण केलेल्या अमेरिकी नागरिकांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजीव परवाना मिळतो आणि अनेक संघराज्य तळांवर निम्म्या दरात मुक्काम करता येतो. मात्र अनेक जुने तळ आणि रस्ते लहान गाड्यांसाठी बांधलेले आहेत. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील प्रसिद्ध ‘गोइंग-टू-द-सन’ मार्गाच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब वाहनांना प्रवेश नाही. बहुतेक मोटरहोम त्याहून लांब असतात.

विनामूल्य मुक्कामाचा मोठा आधार म्हणजे सार्वजनिक जमीन. संघराज्याच्या भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन असून ती मुख्यतः पश्चिमेकडील राज्यांत आणि अलास्कात आहे. तेथे बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस राहता येते. त्यानंतर हलावेच लागते. पाणी, वीज किंवा मैला-विसर्जनाची सोय तेथे नसते.

अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट हे सुमारे अडीच हजार वस्तीचे वाळवंटी गाव हिवाळ्यात आरव्हींनी भरून जाते. त्याच्या परिसरात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे राखून ठेवलेली आहेत. ही योजना १९८३ पासून सुरू असून संपूर्ण हंगामाचा परवाना अनेक वर्षे १८० डॉलरला मिळत असे. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अनेकांसाठी हिवाळ्याचा हिशेब याच परवान्यावर जुळतो.

पत्ता कोठला?

वाहनपरवाना, गाडीची नोंदणी, बँकखाते, करविवरण आणि मतदान या प्रत्येकासाठी कायदेशीर निवासाचे राज्य सांगावे लागते. पूर्णवेळ प्रवासी त्यासाठी मुख्यतः साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा यांची निवड करतात. या तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहनपरवाना घेता येतो. टपाल स्वीकारून ते प्रवासी असेल तेथे पाठवणाऱ्या सेवांचा व्यवसायही या राज्यांत वाढला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या प्रवासी संघटनेचे मुख्यालय टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे असून तिची टपालसेवा हजारो गाड्यांचा कायमचा पत्ता बनली आहे.

ही व्यवस्था नाजूक आहे. बँकांना खातेदाराचा प्रत्यक्ष निवासी पत्ता हवा असतो आणि टपालपेटीचा पत्ता अनेकदा नाकारला जातो. साउथ डकोटाने २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी राज्यात ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. त्यामुळे एका रात्रीच्या पावतीवर परवाना मिळवणाऱ्यांच्या मतदानाच्या हक्कावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. वाहन चालवण्यासाठी एक रात्र पुरेशी, पण मतासाठी महिना, अशी ही विसंगती आहे.

आरोग्यसेवेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची मूळ मेडिकेअर योजना देशभर चालते. परंतु खासगी कंपन्यांमार्फत दिल्या जाणाऱ्या मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना बहुधा ठराविक क्षेत्रातील रुग्णालयांपुरत्याच असतात. ६५ वर्षांखालील व्यक्तींच्या विमा योजनाही राज्य आणि परगण्याशी निगडित असतात. आपत्कालीन उपचार कोठेही मिळतात, पण मधुमेह, हृदयविकार किंवा कर्करोगाच्या रुग्णाला एकाच डॉक्टरकडे सातत्याने जावे लागते. अनेकांचा प्रवास येथेच थांबतो.

स्वेच्छा आणि सक्ती

पत्रकार जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ च्या मंदीत घर, नोकरी किंवा बचत गमावलेल्या ज्येष्ठांचे जीवन त्यात आहे. त्यावर आधारित, क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रपटाची सुरुवात नेवाडातील एम्पायर या गावापासून होते. जिप्समचा कारखाना २०११ मध्ये बंद पडल्यावर हे गाव ओस पडले आणि त्याचा टपाल क्रमांकही रद्द झाला होता.

या वर्गाच्या श्रमावर एक हंगामी अर्थव्यवस्था उभी आहे. उन्हाळ्यात तळांची देखभाल करून त्या बदल्यात मुक्कामाची जागा मिळते. शरद ऋतूत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात साखरबीटच्या हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. अॅमेझॉन कंपनीने २००८ पासून अनेक वर्षे नाताळपूर्व गर्दीच्या काळात गोदामांत खास आरव्हीतील कामगार घेतले. पुढे हा उपक्रम बंद झाला. तरुणपणी ही कामे साहसाची वाटली, तरी सत्तरीत ती कष्टाची ठरतात.

शहरांत परिस्थिती अधिक कठोर आहे. पश्चिम किनाऱ्यावरील अनेक शहरांत रस्त्याकडेला जुन्या आरव्ही उभ्या करून लोक राहतात. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास प्रकरणात ६ विरुद्ध ३ अशा मताने निकाल दिला. सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करणे ही क्रूर आणि असाधारण शिक्षा ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यानंतर अनेक शहरांनी नियम कडक केले. एकाच बनावटीची गाडी वाळवंटात उभी असेल तर मालक पर्यटक ठरतो आणि शहराच्या गल्लीत उभी असेल तर बेघर.

परतीचा रस्ता

अनुभवी प्रवासी नवख्यांना काही गोष्टी आवर्जून सांगतात. घर विकण्यापूर्वी काही महिने भाड्याच्या किंवा जुन्या गाडीतून फिरून पाहावे. नव्या आरव्हीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते, तर कर्जाची मुदत दहा ते वीस वर्षांची असते. त्यामुळे गाडी विकूनही कर्ज फिटत नाही, अशी वेळ येते. दुरुस्तीसाठी वेगळा निधी ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रवास कधी, कोठे आणि कोणत्या पैशांवर थांबवायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. लिव्हिंग्स्टन येथे वृद्ध व आजारी प्रवाशांना स्वतःच्याच गाडीत राहून जेवण आणि मदत मिळावी, यासाठी एस्केपीज सदस्यांच्या पुढाकारातून काळजी केंद्र चालवले जाते. अशी सोय मोजक्यांनाच मिळते.

भारतात कॅरॅव्हॅन पर्यटनाची सुरुवात झाली आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये त्यासाठीची धोरणे जाहीर केली. त्यांचा भर काही दिवसांच्या सहलींवर असून चाकांवरच्या कायम निवासाचा विचार त्यांत नाही. पत्त्याचा प्रश्न मात्र आपल्याला नवा नाही. भटक्या-विमुक्त समाजांसाठी केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगांनी, स्थिर वास्तव्याअभावी या समाजांना ओळखीची कागदपत्रे मिळत नाहीत आणि त्यामुळे योजनांपासूनही ते वंचित राहतात, हे नोंदवले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य सोसणाऱ्या या समाजांची आणि अमेरिकी निवृत्तांची परिस्थिती सारखी नाही. तरीही ‘तुमचा पत्ता काय?’ हा प्रश्न दोघांनाही एकाच खिडकीसमोर अडवतो.