शिकारीतील यंत्रे आणि कायद्यातून गेलेले कलम १७

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये वनखात्याने नेमबाजांकरवी एका बिबट्याला ठार केले. रात्रीच्या अंधारात उसाच्या पट्ट्यातील हा बिबट्या शोधून काढला तो थर्मल कॅमेरा बसवलेल्या ड्रोनने. भुलीचा डार्ट निष्फळ ठरला आणि मग गोळी झाडण्यात आली. शिरूरला लागूनच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुका आहे. संगमनेर, अकोले, राहुरी, कोपरगाव या ऊसपट्ट्यांतही बिबट्याचा वावर नित्याचा झालेला असल्याने, अशा मोहिमेत कोणती साधने वापरावीत आणि कोणती नाहीत, हा प्रश्न या जिल्ह्याला दूरचा नाही.

एके काळी या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच लिहिलेले होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला तेव्हा शिकार पूर्णपणे बंद नव्हती. विशेष, मोठी व लहान अशा वर्गांनुसार शिकारीचे परवाने मिळत. मात्र परवाना असला, तरी शिकार कशी करावी यावर कलम १७ ने कडक बंधने घातली होती. मोटारीतून, होडीतून वा विमानातून शिकार करण्यास मनाई होती. मोटार वा विमान वापरून जनावरे उधळून लावण्यासही मनाई होती. स्फोटके, विष, जाळी, खड्डे व फासे वर्ज्य होते. मोठ्या शिकारीसाठी रायफलच हवी, कारण छऱ्यांनी मोठे जनावर मरत नाही, जखमी होऊन निसटते. पाणवठ्यावर किंवा तेथे जाणाऱ्या वाटेवर मोठे जनावर टिपता येत नसे. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही आणि कृत्रिम प्रकाशाचा वापरही नाही. या शेवटच्या दोन बंधनांना एकच अपवाद होता. हिंस्र पशूने मारून ठेवलेल्या भक्ष्यावर, म्हणजे गाऱ्यावर, तो परत येण्याची वाट पाहत मचाणावर बसायचे असेल, तर रात्रीची व दिव्याची खास परवानगी मिळू शके.

ही बंधने कोणा भाबड्या माणसाने घातली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरातील जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या, बंदुकांचे परवाने वाढले आणि दख्खनच्या उघड्या माळरानावर जीप व सर्चलाइट ही जोडी काळविटांच्या मुळावर उठली. काळविटाचा सारा भरवसा वेगावर आणि नजरेवर. डोळे दिपवणाऱ्या झोतापुढे दोन्ही निकामी ठरतात. कर्जत तालुक्यात १९८० मध्ये घोषित झालेले रेहेकुरी काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. माळरानावरच्या या प्राण्यासाठी किती जागा उरली होती, हे त्या आकड्यावरून कळते.

चित्त्याची कथा तर याहून बोलकी. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने १९४७ मध्ये तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही अखेरची खात्रीशीर नोंद मानली जाते. ही शिकार रात्री, मोटारीतून झाली होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने ही हकिकत छापली खरी, पण संपादकांनी सोबत तीव्र निषेधाची टीपही जोडली. त्यांना जेवढी चीड चित्ते मारल्याची होती, तेवढीच ते ज्या रीतीने मारले गेले त्याची होती.

पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली आणि तिच्याबरोबर कलम १७ ही वगळण्यात आले. शिकारच नाही तर तिच्या रीतीचे नियम कशाला, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. तथापि शिकार पूर्णतः संपलेली नाही. कलम ११ नुसार, माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी त्यांची खात्री पटली पाहिजे. मारण्याची रीत मात्र या कलमात नाही. ती मार्गदर्शक सूचनांवर सोपवलेली आहे.

याचे परिणाम यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये दिसले. १३ जणांच्या मृत्यूस कारणीभूत मानल्या गेलेल्या अवनी ऊर्फ टी-१ या वाघिणीच्या शोधासाठी कॅमेरा ट्रॅप, थर्मल ड्रोन, हत्ती, पॅराग्लायडर, परदेशी जातीचे कुत्रे, इतकेच नव्हे तर अत्तरसुद्धा वापरून झाले. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री ती उघड्या जीपमधून झाडलेल्या गोळीने मेली. पशुवैद्यक जागेवर नव्हता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने या कारवाईत नियमांचे उल्लंघन झाल्याचा ठपका ठेवला. रात्र आणि वाहन या दोन्ही गोष्टी जुन्या कलम १७ ने परवानाधारक शिकाऱ्यालाही नाकारल्या होत्या, हे येथे आठवते.

अमेरिकेत परवान्याची शिकार चालू असल्याने तेथील वाद वेगळ्या अंगाने रंगतो. कोलोरॅडो आणि अलास्का या राज्यांनी २०१४ मध्ये शिकारीसाठी ड्रोन वापरण्यास बंदी केली. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांवर बंदी घातली. टेक्सासमध्ये तर २००५ च्या सुमारास संगणकासमोर बसून दूरच्या रानातील बंदूक चालवण्याची सोय एकाने काढली होती. तीही कायद्याने बंद झाली. जनावराला निसटण्याची वाजवी संधी हवी, हे या सर्व बंद्यांमागील तत्त्व आहे.

नगर जिल्ह्यातील उसाच्या फडाला हे तत्त्व जसेच्या तसे लागू करता येणार नाही. लेकरू गमावलेल्या वस्तीला बिबट्याच्या वाजवी संधीविषयी सांगणे क्रूरपणाचे होईल. तेथे खरा प्रश्न ओळखीचा आहे. डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. एवढ्या बिबट्यांमध्ये हल्ला करणारा कोणता? थर्मल कॅमेरा अंधारात शरीराची ऊब दाखवतो. अंगावरचे ठिपके दाखवत नाही. आणि बिबट्याची ओळख ठिपक्यांवरूनच पटते. म्हणजे ड्रोन बिबट्या शोधून देईल, पण तोच बिबट्या हे सांगण्यासाठी घटनास्थळाजवळचा कॅमेरा ट्रॅप, पावलांचे ठसे आणि जखमांवरील लाळेची डीएनए तपासणी लागेल. यंत्राचा एक उपयोग मारणे सोपे करतो, तर दुसरा चुकीचे जनावर मरू देत नाही. दोहोंना एकाच मापाने मोजणे चूक आहे.

यंत्राची तिसरी बाजूही याच जिल्ह्याने पाहिली आहे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला आणि वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला की तेथेच राहील, हा समज त्या पट्ट्याने खोटा ठरवला.

चोरट्या शिकारीचे तंत्र मात्र अद्याप साधेच आहे: क्लचवायरचे फासे, विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा, डोक्याला बांधलेली बॅटरी. ती शिकार मुळातच गुन्हा असल्याने रीतीचा वाद तेथे उद्भवत नाही. तो उद्भवतो सरकारी आदेशाने होणाऱ्या शिकारीत. कलम ११ खालील आदेश लेखी व सकारण द्यावा लागतो. गोळीपूर्वी ओळख कशाच्या आधारे पटवायची, रात्री वा वाहनातून गोळी झाडायची की नाही, पशुवैद्यकाची उपस्थिती आवश्यक आहे का, या अटी त्याच आदेशात घालता येतील. त्यासाठी कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.