बोटांच्या स्पर्शापासून प्रकाशाच्या वर्णपटापर्यंत : प्रसूतीपूर्व परीक्षणाचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा रोग आणि औषधे यांचा इतिहास म्हणून शिकवतो. परंतु मोजमापाचाही एक इतिहास असतो. जे पूर्वी केवळ जाणकाराच्या हाताला कळत असे, ते आकड्यांत कसे आले, हा त्याचा विषय. प्रसूतीपूर्वी गर्भाशयमुखात होणारे बदल प्रकाशाच्या साहाय्याने ओळखण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा आढावा प्रस्तुत लेखात या दृष्टीने घेतला आहे.

गर्भारपणात गर्भाशयाचे मुख घट्ट मिटलेले असते. प्रसूती जवळ आली की ते मऊ होते, आखूड होते आणि शेवटी उघडते. डॉक्टर या स्थितीला मुख ‘पक्व’ झाले असे म्हणतात. हा शब्दच बोलका आहे. फळ पिकले की नाही हे आपण दाबून पाहतो. म्हणजे शास्त्राची ही संज्ञाही मुळात स्पर्शातून आलेली आहे.

हा स्पर्श शतकानुशतके सुईणीचा होता. इ. स. १००० च्या सुमारास कुर्तुब्याजवळील शल्यविशारद अबुल कासिम अल्-जहरावी यांनी ‘अल्-तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथातील शल्यविषयक भागात प्रसूतीच्या उपकरणांच्या आकृत्या दिल्या आणि अवघड बाळंतपणासंबंधी सुईणींसाठी सूचना लिहिल्या. हातांचे ज्ञान ग्रंथात उतरवण्याचा तो एक महत्त्वाचा टप्पा होय.

विसाव्या शतकात या ज्ञानाला शास्त्रीय आधार मिळाला. १९४७ साली अमेरिकेतील डेव्हिड डॅनफोर्थ यांनी दाखवून दिले की, गर्भाशयमुख हे मुख्यतः स्नायूंचे नसून तंतुमय संयोजी ऊतीचे बनलेले असते. या ऊतीचा प्रमुख घटक म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. तेव्हा मुख मऊ होणे म्हणजे कोलॅजेनची वीण सैल होणे, हे पुढे स्पष्ट होत गेले. १९६४ साली एडवर्ड बिशप यांनी स्पर्शाला गुण दिले. मुख किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ आहे, त्याची दिशा कोणती आणि बाळाचे डोके किती खाली आले, या पाच बाबींचे मिळून जास्तीत जास्त १३ गुण. पूर्वी बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये ९ वा अधिक गुण असतील तर कृत्रिम रीतीने कळा आणणे सुरक्षित ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही पद्धत आजही रूढ आहे. तिची उणीव एवढीच की, एका तपासणाऱ्याला जे ‘मऊ’ वाटते ते दुसऱ्याला ‘मध्यम’ वाटू शकते. १९९६ साली जे. डी. आयम्स आणि सहकाऱ्यांनी २,९१५ स्त्रियांच्या अभ्यासातून सिद्ध केले की, सोनोग्राफीत मुख जितके आखूड दिसते तितका अकाली प्रसूतीचा धोका अधिक असतो. मात्र लांबीवरून आकार कळतो. ऊतीच्या आत काय घडते आहे ते कळत नाही.

येथे प्रकाशाचा प्रवेश झाला. १९२५ साली जर्मनीत तयार झालेला कोल्पोस्कोप उजेड आणि भिंगाने गर्भाशयमुखाचा पृष्ठभाग दाखवत होताच. पण आता प्रश्न पृष्ठभागाचा नव्हता. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या घटनेचे विवेचन जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली केले व तिला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. कोलॅजेनच्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या दुव्यांत हाच गुण आहे. त्यांच्यावर सुमारे ३३९ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश टाकला, तर ते सुमारे ३९० नॅनोमीटरचा प्रकाश परत देतात. दुवे कमी झाले की ही चमक मंदावते. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे रॉबर्ट गारफिल्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये उंदरांत आणि २००३ मध्ये गर्भवती स्त्रियांत हे पडताळून पाहिले. गर्भारपण पुढे सरकते तसतशी चमक घटत जाते, असे त्यांना आढळले. कापाकापी न करता ऊतीची अंतर्गत स्थिती आकड्यांत सांगता येऊ लागली.

दुसरा धागा भारतातून निघतो. १९२८ साली कोलकात्यात चं. वें. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी रामन परिणामाचा शोध लावला. विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात त्या पदार्थाच्या रेणूंची ओळख दडलेली असते, हे त्याचे सार. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन यांच्या अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गटाने हेच तंत्र गर्भाशयमुखासाठी वापरले. प्रथम उंदरांवर, नंतर गर्भवती स्त्रियांवर अभ्यास झाले. याखेरीज फ्लोरिडामध्ये ध्रुवित प्रकाशाने आणि १९९१ साली प्रथम मांडल्या गेलेल्या ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफीने कोलंबिया विद्यापीठात कोलॅजेन तंतूंची दिशा व रचना तपासण्याचे काम झाले.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष भारतातील होती. धोका वेळेवर कळला तर मातेला सुसज्ज रुग्णालयात हलवता येते, बाळाच्या फुप्फुसांसाठी औषध देता येते. उलट मुख पक्व नसताना घाईने कळा आणल्यास त्या निष्फळ ठरून शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

तथापि इतिहासकाराने येथे घाईने विजय जाहीर करू नये. या प्रकाशपद्धती अजून मुख्यतः संशोधनाच्या कक्षेतच आहेत. स्त्रीचे वजन आणि पूर्वीची बाळंतपणे यांचाही परिणाम रामन वर्णपटावर होतो, असे व्हँडरबिल्टच्याच अभ्यासांत दिसले. म्हणजे एका समूहावर ठरवलेला मापदंड दुसऱ्या समूहाला जसाच्या तसा लावता येणार नाही. ज्या देशात अकाली जन्म सर्वाधिक आहेत, तेथील स्त्रियांचा समावेश अशा अभ्यासांत व्हायला हवा, हे यातून उघड होते.

महाविद्यालयात २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आपण साजरा करतो. त्या दिवशी भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विभागांनी मिळून हा विषय घेण्याजोगा आहे. सुईणीचे बोट, बिशपचे गुण आणि रामनचा वर्णपट, तिघांचा प्रश्न एकच आहे : वेळ झाली का? उत्तराची साधने बदलली. ते उत्तर प्रत्येक मातेपर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.